पाणसळ

१

रोज सकाळी चहा झाला की शिवानी एक जहाज बुडवायची.

माडीवरच्या खोलीत, खिडकीशी तिचं टेबल होतं. संगणकावर गस्ती जहाजाचा आराखडा उघडायचा, त्याच्या बुडाला एका जागी भगदाड पाडायचं, एक कप्पा समुद्राच्या पाण्यानं भरायचा आणि जहाज किती कलतं ते बघायचं. मग शेजारचा कप्पा. मग दोन्ही मिळून. पुण्यातलं एक छोटं कार्यालय अशी जहाजं आखायचं आणि शिवानी समुद्रापासून शेकडो मैल दूर, मुरुडात बसून ती तपासायची. खालून अव्वा, तिची आई, हाक मारायची, "आज बुडलं का गं तुझं?" ती वरून ओरडायची, "तरलं गं, अव्वा!"

गावाला याचं हसू यायचं. ज्या जिल्ह्यात प्यायचं पाणी एकदा रेल्वेनं आणावं लागलं, तिथल्या पोरीनं जहाजात पाणी शिरलं तर काय होईल याचा पगार घ्यावा! त्या दुष्काळानं घराघराला एक खोड लावून ठेवली होती. रिकामं भांडं ठेवायचं नाही. नळ आला की पिंप, घागरी, कळशा, पातेली, अगदी चहाचे पेलेसुद्धा भरून झाकून ठेवायचे. मल्लम्माच्या, म्हणजे अव्वाच्या, स्वयंपाकघरात चालताना पदर सावरूनच चालावं लागे.

कॉलेजात शिवानी जी पहिली गोष्ट शिकली, ती तिनं याच पातेल्यांवर तिच्या थोरल्या भावाला, मल्लेशला, करून दाखवली होती. अर्धं भरलेलं पातेलं उचललं की पाणी हिंदकळतं, हात त्याच्यामागं ओढला जातो. काठोकाठ भरून झाकण घट्ट बसवलेलं पातेलं जड असतं, पण गप्प असतं. "खोली अर्धी भरली की जहाज कलतं, अण्णा. वर हवा असते ना, म्हणून पाण्याला पळायला जागा असते. छतापर्यंत भरली की पाणी गप्प. जहाज खोल जातं, पण सरळ होतं."

मल्लेश हसला होता. "म्हंजे सरळ झालं की घाबरायचं, म्हण की."

तो तेव्हा नुकताच गस्ती जहाजावर लागला होता. मागच्या पावसाळ्यात, दाट धुक्यात, एका मालवाहू जहाजानं त्यांच्या जहाजाच्या कुशीत धडक दिली. मल्लेश पंप चालू करायला खालच्या पंपघरात उतरला. पाणी त्याच्याहून लवकर वाढलं. नियम असा की वेळ आली की पोलादी दार बंद करायचं, आणि एकदा बंद केलं की आतून कुणीही वाजवलं तरी उघडायचं नाही. एक दार उघडलं तर सगळं जहाज जातं. दार बंद झालं. बाकी सगळे वाचले. कललेलं जहाज ओढून बंदराकडे नेताना खोल पाण्यात बुडालं, ते दार तसंच बंद ठेवून.

नोकरीवर जाताना मल्लेश गळ्यातलं इष्टलिंग अव्वाजवळ ठेवून गेला होता. "समुद्रात हरवलं तर तू मला घरात घेणार न्हाईस." आता अव्वा रोज दोन लिंगांची पूजा करायची. आधी स्वतःचं, मग त्याचं. डाव्या तळहातावर घेऊन, वाटीतलं पाणी थेंबाथेंबानं सोडत.

चैत्रातल्या एका सकाळी शिवानी बेलाची पानं घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली. वाटी फरशीवर होती. फरशी सपाट होती. वाटीतलं पाणी मात्र एका बाजूनं काठाला टेकलं होतं आणि दुसऱ्या बाजूनं खाली उतरलं होतं.

अव्वानं वाटी उचलली, कललेल्या बाजूनं पाणी सोडलं आणि पूजा पुढं चालू ठेवली.

२

शिवानी भुताखेतांना मानणारी नव्हती. कॉलेजात तिनं उताऱ्याचा नारळ भर चौकात फोडून खाऊन दाखवला होता. ती तडक अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, दुकानात गेली. महादेवप्पांचं दुकान म्हणजे पाइप, नळ, मोटारी, प्लास्टिकच्या टाक्या आणि गवंड्यांची सगळी हत्यारं. तिनं भिंतीवरची पाणसळ काढून घेतली. हातभर लांबीची पिवळी पट्टी, मधोमध काचेची बंद नळी, नळीत हिरवट पाणी आणि एक बुडबुडा.

"काय बांधायलीस, माय?" अप्पांनी विचारलं.

"टेबल डुगडुगतंय, अप्पा."

"मग पाचर मार. पाणसळ कशाला? आमची लेक इंजिनेर झाली आन् पाचर विसरली." गिऱ्हाईक हसलं. अप्पाही हसले. वर्षभरात ते दुकानातच तेवढे हसायचे.

टेबलावर पाणसळ ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये. शेजारी पाण्यानं अर्धा भरलेला काचेचा पेला ठेवला. पाणी तिरकं. तिनं पेला फिरवला. पाणी फिरलं नाही. पेला त्याच्याभोवती फिरला. चढती बाजू खिडकीकडेच राहिली. खिडकीतून गावाबाहेरचं त्यांचं शेत दिसायचं, हे तिनं मुद्दाम मनात येऊ दिलं नाही.

काच वाकडी असेल. डोळे शिणले असतील. भाऊ गेल्यावर माणसाची झोप मोडते आणि झोप मोडलेल्या माणसाला काय वाटेल ते दिसतं. ही सगळी कारणं तिनं स्वतःला एका दमात सांगितली आणि तरी कंपासपेटीतला कोनमापक काढून पेल्यामागं धरला. चार-पाच अंश.

दुपारी अप्पा जेवायला आले. तिनं त्यांच्यासमोर तांब्या-पेला ठेवला. अप्पांनी पेल्याकडे पाहिलंच नाही. भाकरीचा घास घेतला, ठेच्याला बोट लावलं, बाजारभावावर बोलले. मग पेला उचलला, बोटांनी जरासा फिरवून पाण्याची उतरती बाजू ओठांकडे घेतली आणि एकही थेंब न सांडता प्यायले.

"अप्पा, तुम्हालाही दिसतं."

"काय दिसतं?"

"पाणी."

"पाणी दिसतंच की. दुष्काळात दिसत नव्हतं." ते उठले. हात धुताना त्यांची पाठ तिच्याकडे होती. "तुझ्या आईसमोर बोलू नको हे," असं हळूच म्हणाले आणि दुकानात निघून गेले.

अव्वाला बोलायची गरजच नव्हती. संध्याकाळी शिवानीनं विचारलं तर ती पीठ मळता मळता म्हणाली, "शिवरात्रीपासून हाय तसं. आधी केसभर व्हतं. मी भांडी जरा कमी भरते आता, सांडतं न्हाईतर."

"आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय? तुम्ही म्हणाल मल्लम्माला येड लागलं." तिनं कणकेवर मूठ दाबली. "आन् मला काय त्याचं भ्याव न्हाई. कायतरी चालू हाय अजून, एवढंच वाटतं."

३

मल्लेशच्या समाधीचा खड्डा शेतात, आजोबा-पणजोबांच्या रांगेत होता. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, बसवतात. खड्ड्याच्या भिंतीत मांडी घालून बसता येईल एवढा कोनाडा कोरायचा, डाव्या हातात त्याचं लिंग द्यायचं, विभूती, बेल, मीठ घालायचं आणि माती लोटायची. मल्लेशचा देह आलाच नाही. कपडे बसवू, असं ठरलं. खड्डा खणून झाला आणि ऐन वेळी अव्वा काठावर बसून राहिली. "माझा आला न्हाई अजून. कुणाला झाकायलाव तुम्ही?" तेव्हापासून खड्डा उघडाच होता, वर पत्रा टाकलेला.

आता वर्ष भरत आलं होतं. घराण्याचे संगमेश्वर स्वामी दर सोमवारी ओसरीवर येऊन बसायचे.

"महादेवप्पा, रिकामी समाधी उघडी ठेवू न्हाई. तोंड उघडं ठेवून निजल्यावानी हाय ते."

"मला कामून सांगायलाव, स्वामी? घरातल्यांना सांगा."

"च्या घ्या, स्वामी," अव्वा आतून म्हणायची, "आन् इषय बदला."

शिवानी स्वामींच्या बाजूनं होती. तिची कारणं वेगळी होती. अव्वा वर्षभर कुठं गेली नव्हती. लग्नाला नाही, माहेरी उदगीरला नाही. रोज सायंकाळी शेतात जाऊन पत्रा उचलून बघायची आणि यायची. एका रिकाम्या खड्ड्यानं जिवंत बाई धरून ठेवली होती, आणि हे शिवानीला सहन होत नव्हतं.

त्याच आठवड्यात तिचं कार्यालयाशी भांडण झालं. नवं गस्ती जहाज मल्लेशच्या जहाजाचंच धाकटं भावंड होतं. तसंच पंपघर, तसंच एकमेव दार. तिनं पंपघरातून वर डेकवर निघणारी एक उभी शिडी आराखड्यात काढली होती. कार्यालयाचे प्रमुख सुदर्शन सरांनी ती पुन्हा पुसली.

"इंधनाची जागा जाते, शिवानी," ते फोनवर म्हणाले. "आणि पंपघरात माणूस असतो तरी किती वेळ?"

"तेवढ्याच वेळात मरतो, सर."

"तुझं दुःख मी समजू शकतो."

"दुःख नका समजू. शिडी समजा."

फोन ठेवून ती तशीच रणरणत्या उन्हात शेताकडे निघाली. पत्रा तापला होता. ओढणीनं धरून तिनं तो बाजूला सारला आणि पायऱ्यांसारख्या खोबणीतून खाली उतरली.

खड्डा कोरडा होता. मुरूम इतका कोरडा की बोट लावलं की भुगा पडायचा. फक्त कोनाड्यात, माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक पांढरी रेघ उमटली होती. तिन्ही भिंतींवरून फिरलेली. बोट लावून तिनं जिभेला लावलं. खारट. जमिनीला लोणा फुटतो, त्यात नवल नाही. पण लोणा असा आखल्यासारखा, एका बाजूला चढत गेलेला? तिनं खिशातला कोनमापक काढला नाही. रेघ किती कललेली आहे ते तिला न मोजता कळलं.

तेवढ्यात आवाज आला. लोखंडावर लोखंड. कुणीतरी पान्यानं पत्र्यावर ठोकावं तसा, दबलेला, कोनाड्याच्या मागच्या भिंतीतून. थोडा वेळ ठोकणं, मग थांबणं. ऐकू आलं का, असं विचारून थांबावं तसं.

वरच्या शेतात बोअर पाडायची गाडी आली होती. तोच आवाज. ती स्वतःला असं सांगत वर चढली, बांधावर उभी राहिली आणि तिनं तिकडे पाहिलं. गाडी बंद होती. माणसं लिंबाखाली जेवायला बसली होती.

४

पाणी कलतच गेलं. घागरी निम्म्या भरायची वेळ आली. शिवानीनं एका सकाळी जुन्या जहाजाचा आराखडा उघडला, नेमकं तेच भगदाड पाडलं आणि पंपघर हळूहळू भरत नेलं. पडद्यावरचं जहाज उजव्या कुशीवर झुकत गेलं. एका ठिकाणी तिनं ते थांबवलं आणि पेल्यातल्या पाण्याशी ताडून पाहिलं. जुळलं. पंपघरात छताखाली अजून वीतभर जागा उरलेली दिसत होती.

तिनं संगणक बंद केला. माणूस ज्याचा ध्यास घेतो तेच त्याला सगळीकडे जुळताना दिसतं. टेबलावरच्या पाणसळीतला बुडबुडाही तिला लहान झालेला वाटला; उन्हाळ्यात नळीतलं पाणी फुगतं, बुडबुडा आकसतो, हे तर कोणताही गवंडी सांगेल.

त्या दिवशी अव्वा पहिल्यांदा माडीवर आली. गुडघे दुखायचे म्हणून ती जिना चढत नसे. दारात धापा टाकत उभी राहिली.

"शिवानी, तू शिकलीस. म्हणून तुला इचारते. खरं सांग."

"काय, अव्वा?"

"ते दार लावलं. त्या खोलीत मग हवा असंल का गं? थोडी?"

शिवानीच्या हाताशी पेला होता. पाणी त्यात तिरकं उभं होतं. पाणी तिरकं का होतं हे तिला साऱ्या मुरुडात सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. ते तिनंच पातेल्यावर दाखवलं होतं. पण वर्ष. वर्षभर हवा! कुठल्या गणितात बसत होतं ते? आणि दारातल्या बाईच्या डोळ्यांखाली केवढी काळी वर्तुळं होती. ही बाई त्या एका वीतभर हवेवर जगत होती आणि मरत होती.

"नाही, अव्वा," ती ठामपणे म्हणाली. "पहिल्याच दिवशी संपली. अण्णाला कळलंसुद्धा नसेल."

"नक्की?"

"मी हेच काम करते, अव्वा. नक्की."

अव्वानं पदरानं तोंड पुसलं.

"मग झाका," ती म्हणाली. "स्वामींला सांग."

५

सोमवारी सकाळीच सगळे शेतात जमले. भावकीतली मोजकी माणसं, स्वामी, आणि फावडं घेऊन सालगडी निवृत्ती. मल्लेशची पांढरी वर्दी इस्त्री करून आणली होती. अव्वानं त्याच्या लिंगाची शेवटची पूजा केली आणि ते तळहातावरून कुणाला द्यायचं हे तिला सुचेना.

"मी उतरते," शिवानी म्हणाली.

"बायामाणसानं..." कुणीतरी सुरुवात केली.

"त्याची बहीण हाय ती," अव्वा म्हणाली. विषय तिथंच संपला.

निवृत्तीनं लाकडी शिडी लावली. उन्हातून एकदम खाली गेल्यावर तिला काही दिसेना. तिनं वर्दीची घडी कोनाड्यात ठेवली, त्यावर लिंग ठेवलं. वरून विभूती, बेलाची पानं, मीठ आलं. हात मागं घेताना तो गार कशाला तरी लागला आणि तिनं मान वर केली.

कोनाडा भरलेला होता. काळं पाणी, उभं, तिरकं, एक थेंबही बाहेर न येणारं. वरच्या कोपऱ्यात, छताशी, चार बोटांची जागा उरली होती. त्या जागेत एक हनुवटी वर उचललेली होती, छताला ओठ लावायला गेल्यासारखी. हनुवटीखाली एक जुना, शिवलेला व्रण. लहानपणी मल्लेश हौदाच्या कठड्यावरून पडला होता.

तिनं पापणी मिटली आणि उघडली. कोरडा मुरूम. वर्दी. बेलाचं पान.

"माय, चल वर," वरून अप्पांचा आवाज आला. "चक्कर यायली का?"

"नाही." तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. ऊन. अंधार. वर्षभराची मोडलेली झोप. ती वर चढली. तिची बोटं गार होती, पण ओली नव्हती. तिनं ती दोनदा चोळून पाहिली.

निवृत्ती शिडी ओढायला वाकला.

"शिडी राहू द्या, काका," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"शिडी आत ठेवून कुणी माती लोटतं का, बाळा?" अप्पा अगदी मऊ आवाजात म्हणाले. पुण्याच्या साहेबाशी भांडायला तिच्याकडे शब्दच शब्द असायचे. इथं एकही आला नाही. अव्वा समोर उभी होती, वर्षात पहिल्यांदाच डोळे भरून रडत होती, मोकळी होत होती. शिवानीनं मान खाली घातली. शिडी वर आली.

पहिली माती अव्वाची. मग अप्पांची. मग निवृत्तीचं फावडं लागलं.

ठोकणं तेव्हा सुरू झालं. या खेपेला थांबून थांबून नाही. भराभर, जसं जमेल तसं, मुठीनं, पान्यानं, कशानंही. मातीच्या प्रत्येक थराबरोबर ते खोल जात होतं. स्वामींचा मंत्र चालू होता. निवृत्तीनं एकदा फावडं थांबवून कान दिला आणि परत चालवलं.

अव्वानं शिवानीचा दंड धरला. "काय गं वाजायलंय ते?"

शिवानीनं वरच्या शेताकडे पाहिलं. गाडी कधीच निघून गेली होती. नुसती चाकोरी उरली होती.

"बोअरची गाडी, अव्वा," ती म्हणाली.

माती काठाला आली तेव्हा आवाज एकेकटा होऊन, मोठी मोठी अंतरं टाकत, थांबला.

६

घरी आल्यावर दारातच पाय धुतले. शेजारणीनं आणलेली भाकरी-आमटी सगळ्यांनी खाल्ली. अप्पा ओसरीवर आडवे झाले आणि लगेच घोरू लागले. वर्षभरात त्यांना दिवसाउजेडी कुणी झोपलेलं पाहिलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून अव्वाची हाक आली. तिच्या आवाजात काहीतरी होतं जे शिवानी विसरूनच गेली होती.

"शिवानी! बघ, ये की इकडं!"

अव्वानं सगळी झाकणं काढली होती. पिंप, घागरी, कळशा, पातेली, पेले. प्रत्येक भांड्यात पाणी सपाट होतं. काठाला सगळीकडून सारखं टेकलेलं, गप्प.

"सरळ झालं," अव्वा म्हणाली. ती हसत होती, गालावर पाणी ओघळत होतं. "पोचला माझा लेक. झाकलं ते बरं केलं. तू म्हणालीस म्हणून, न्हाईतर मी बसले असते उघडं ठेवून." तिनं पेला काठोकाठ भरला आणि घटाघटा प्यायली, कुठली बाजू वर आहे ते न बघता.

शिवानी भिंतीला टेकली. सरळ झालं की घाबरायचं, असं म्हणत मल्लेश याच भिंतीला टेकून हसला होता. तिच्या तोंडात काहीतरी आलं होतं. ते बोललं तर अव्वाचं हे हसू आयुष्यात परत दिसणार नव्हतं. तिनं ओठ मिटले. एकदा बंद केलं की आतून कुणीही वाजवलं तरी उघडायचं नाही.

ती माडीवर गेली. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी सरळ होतं. शेजारी पाणसळ होती. ती तिनं उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, या बाजूला कलवली, मग त्या बाजूला. काच कुठं तडकली नव्हती, टोपण सुटलं नव्हतं. नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरव्या पाण्यानं भरलेली होती.

बुडबुडा नव्हता.

खालून अव्वा विचारत होती, "आज बुडलं का गं तुझं?"